सबनीस निघतात तेव्हा

सबनीस आमच्याकडे आले, की किती वेळ बसतील याची आम्हाला कधी काळजी नसते. ते फार बसतच नाहीत. चहा घेतात, एखादी चकली मोडतात, दोन्ही गुडघ्यांवर हात आपटतात आणि म्हणतात, "चला, निघू या."

आमची काळजी तिथून सुरू होते.

सबनिसांचं निघणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. सोफ्यावरून उठल्यावर ते आधी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहतात. तिथे हवापाणी आणि व्हिसा. मग बुटांपाशी येतात. एक पाय बुटात आणि एक नुसता मोज्यात, अशा अवस्थेत स्वतःचं बीपी आणि माझा गुडघा. मग दार. मग पायरी. मग ड्राइव्हवे. शेवटी गाडीत बसतात, बेल्ट लावतात, इंजिन सुरू करतात, आणि काच खाली करतात. मागचे लाल दिवे पेटलेले, पाय ब्रेकवर. मनातलं जे काही असेल ते सबनीस त्या काचेतून सांगतात. आधी घरात समोरासमोर बसलेलो असताना ते त्यांना आठवत नाही. "निघतोच आहे," असं ते अधूनमधून म्हणतात आणि त्याला जोडूनच, "एवढं एकच सांगतो."

बरं, राहतात कुठे? आमच्याच वसाहतीत, तळ्याच्या पलीकडच्या रो-हाउसमध्ये. इथून हाक मारली तर ऐकू जाईल. तरी गाडी घेऊन येतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाडी नसेल तर निघाल्यासारखं वाटत नाही हो."

या सगळ्यात माझं काम दार धरून उभं राहणं. आयुष्यात मला फारसं काही धरून ठेवता आलेलं नाही, पण दार मी उत्तम धरतो. आतून माझी बायको वृंदा म्हणते, "अख्ख्या मॉरिसव्हिल गावाला एसी लावलाय का आपण?" आणि कॉलेजातून सुट्टीला आलेली आमची ईशा जिन्यावरून ओरडते, "बाबा, इज काका स्टिल लीव्हिंग?"

पण एक सांगतो, त्या ड्राइव्हवेवरच्या तासाची मला सवय लागली होती. आमच्याकडची संध्याकाळ मुळातच रेंगाळणारी. पाइनच्या शेंड्यांवर ऊन थांबलेलं असतं. लांबच्या फाटकावर मालगाडी भोंगा देते आणि डबे संपता संपत नाहीत. गवतातून काजवे वर येऊ लागतात. सबनिसांचं बोलणं चालूच असतं. हळूहळू त्यातले शब्द निसटतात, नुसता सूर उरतो. मी उभ्याउभ्या कुठेतरी तरंगत असतो. मधेच ते विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणतो, "तेच." आजवर हे उत्तर चुकलेलं नाही.

पूर्वी हे इतकं लांबत नसे. तेव्हा अलकावहिनी असायच्या. सबनीस बुटांपाशी रमले, की त्या त्यांची बाही धरून ओढायच्या. "अहो, चला आता. त्यांनाही झोपा आहेत." सबनीस बोलत बोलतच ओढले जायचे, आणि वाक्याचा शेवट गाडीचं दार लागल्यावर आत कुठेतरी व्हायचा.

मग त्यांच्या मुलीला बॉथेलला मुलगी झाली आणि वहिनी बाळंतपणाला तिकडे गेल्या. बॉथेल म्हणजे सिएटलच्या बाजूला, देशाचं दुसरं टोक. गेल्या होत्या दोन-तीन महिन्यांसाठी. पण मुलीची नोकरी, जावयाचा प्रवास, नातीचं सारखं आजारी पडणं. "पुढच्या महिन्यात बघू," असं करता करता नात आता धावायला लागली. भांडण नाही, रुसवा नाही, रोज फोन होतो. नुसता पुढचा महिना पुढे सरकत राहिला. सबनिसांची बाही मात्र मोकळीच राहिली.

एके दिवशी वहिनींनी फोनवर सांगितलं, "वरच्या कपाटातले जुने टॉवेल टाकून द्या बघू. नुसते कोंबलेत." टाकणं सबनिसांना जमत नाही. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की अनाथ कुत्र्यामांजरांच्या शेल्टरला जुने टॉवेल हवे असतात. दोन पिशव्या भरून ते तिथे गेले. डोना नावाच्या बाईंनी टॉवेल घेतले, "थँक यू, हनी," म्हणाल्या. तिथे त्यांचं काम संपलं.

म्हणजे सबनीस निघाले.

बाहेर पडायची वाट कुत्र्यांच्या पिंजऱ्यांवरून जात होती. सगळी कुत्री उड्या मारत होती, भुंकत होती. दाराजवळच्या शेवटच्या पिंजऱ्यातला एक मात्र भिंतीकडे तोंड करून बसला होता. सबनीस त्याच्यासमोर थांबले.

नंतर आमच्या दारात, एक पाय बुटात घालून, त्यांनी मला हे सांगितलं. "अहो, तो वळतच नव्हता. आता त्याने एकदा वळून पाहिल्याशिवाय निघायचं कसं?"

"मग?"

"मग त्यांची बंद करायची वेळ झाली. दिवे घालवायला लागले. तेव्हा वळला."

"आणि?"

"आणि काय! वळला म्हटल्यावर तर निघताच येईना."

असे टॉवेल द्यायला गेलेले सबनीस कुत्रा घेऊन घरी आले. सोबत, त्याला नव्या घराचा वास वाटेतच ओळखीचा व्हावा म्हणून, डोनाबाईंनी त्याच पिशवीतला एक हिरव्या पट्ट्यांचा टॉवेलही परत दिला. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "मी टॉवेल टाकायला सांगितले होते."

कुत्रा हाउंड जातीचा होता. कान लांब, कपाळावर आठ्या, अंगावर काळेतपकिरी पट्टे, आणि चाल अशी की ऑफिसची तपासणी करायला आलाय. शेल्टरमध्ये त्याचं नाव ठेवलं होतं डेप्युटी. आता सबनिसांचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. त्यांच्या घरात 'डेप्युटी आलेत' म्हटलं की माणसं उठून उभी राहत. त्यामुळे कुत्र्याला अरे-तुरे करणं सबनिसांच्या तोंडून होईना. "अहो डेप्युटी, बसा ना," असं ते म्हणत. आणि खोटं कशाला सांगू, 'सिट' म्हटल्यावर ढिम्म राहणारा तो कुत्रा 'बसा' म्हटल्यावर बसे.

डेप्युटी याआधी दोन घरांतून परत आले होते. (आता मीही अहो-जाहोच करतो.) माणूस समोर असला की शहाणे. माणूस बाहेर पडला की दाराची चौकट कुरतडून काढायचे आणि घसा फुटेपर्यंत रडायचे. डोनाबाईंनी सबनिसांना स्पष्ट सांगितलं होतं, "काही महिने ठेवून बघ. जमलं तर तुझा. नाही जमलं तर परत आण, मी रागावणार नाही. पण हनी, तिसऱ्यांदा परत आलेल्या कुत्र्याला कुणी हात लावत नाही."

सुरुवातीला सबनिसांनी सुट्टी घेतली होती. डेप्युटींचा मुक्काम डायनिंग टेबलाखाली असे, म्हणून सबनीस ताट घेऊन टेबलाखाली जेवायला बसू लागले. कुकरच्या शिट्टीला ते थरथरतात असं दिसलं, तेव्हापासून सबनिसांकडे भात पातेल्यात होऊ लागला. हळूहळू डेप्युटी टेबलाखालून बाहेर आले. सबनिसांना कंबरेमुळे जरा उशीर लागला.

मग सुट्टी संपली. आठवड्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवणं भाग होतं. आता डेप्युटींना एकटं सोडायचं, म्हणजे रीतसर निरोप घ्यायला हवा. सबनीस त्यांच्यासमोर बैठक मारून बसले. कुठे चाललोय, साहेब कोण आहे, तो कसा आहे, डब्यात काय आहे, परत कधी येणार, सगळं सांगितलं. बूट घालता घालता पुन्हा सांगितलं. आणि शेवटी दही. आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात. सबनिसांच्या हातावर ठेवणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच घेतलं. पण समोर एक जण टक लावून बसलाय म्हटल्यावर त्याला वगळणार कसं? एक चमचा डेप्युटींनाही दिलं. "येतो हं," म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

त्या सकाळी मी खिडकीशी कॉफी पीत होतो. मला वाटलं मालगाडी आली. भोंगा लांबला, चढला, वळणं घेत खाली आला, पुन्हा चढला. फाटकाकडून नव्हे, तळ्याकडून येत होता तो.

सबनिसांच्या भिंतीला भिंत लागून रोझबाई राहतात. निवृत्त नर्स, स्वभावाने गरीब. पण दिवसभर भिंतीपलीकडून असं रडणं ऐकून त्याही कासावीस झाल्या. त्यांनी वसाहतीच्या असोसिएशनला कळवलं. तिथून एक गृहस्थ सबनिसांकडे आले आणि नम्रपणे सांगून गेले, की उन्हाळा लागेपर्यंत आवाज थांबायला हवा, नाहीतर कुत्रा ठेवता येणार नाही.

सबनीस हादरले. खूप विचार करून त्यांनी एकच निष्कर्ष काढला, निरोप कमी पडला.

त्यांनी निरोप वाढवला. दही वाढवलं. डेप्युटींचं रडणंही वाढलं. शेवटी अशी वेळ आली, की सबनिसांनी फ्रिजमधून दह्याचा डबा नुसता बाहेर काढला तरी डेप्युटी आकाशाकडे तोंड करून सूर लावायचे. एकदा ते दोघे आमच्याकडे जेवायला आले होते. वृंदाने काकडीची कोशिंबीर टेबलावर ठेवली. डेप्युटींनी वास घेतला आणि असा हंबरडा फोडला की ईशाच्या हातून पाण्याचा जग निसटला.

"माझ्या स्वयंपाकाला पुष्कळ नावं ठेवली गेली," वृंदा म्हणाली, "पण इतक्या मनापासून कुणी नाही."

शेवटी डोनाबाई घरी आल्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि सबनिसांना म्हणाल्या, "रोज जसा जातोस तसा जाऊन दाखव." सबनिसांनी दाखवलं. काही गाळलं नाही. बाई गालावर हात ठेवून बघत राहिल्या. शेवटी दही झालं, 'येतो हं' झालं, डेप्युटींनी सूर लावला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हनी, तू ऑफिसला चाललायस की युद्धावर?"

सबनिसांना कळेना.

"तू रोज त्याच्यासमोर बसून, हात हातात घेऊन त्याला पटवून देतोस, की आता काहीतरी भयंकर होणार आहे. मग ते होतं. तू जातोस." बाईंचा आवाज गुळासारखा, पण हुकूम साफ. जाताना बोलायचं नाही. बघायचंही नाही. परत आल्यावर तो शांत होईपर्यंत ओळखही दाखवायची नाही. आणि बूट, किल्ल्या, दही, ही जी जाण्याची चिन्हं त्याच्या डोक्यात बसलीत, ती खोटी पाडायची. बूट घाल आणि घरातच बस. दही खा आणि कुठेही जाऊ नकोस.

बाई गेल्यावर सबनीस मला म्हणाले, "मला दम्याचा पंप सोडायला सांगितला असता तरी चाललं असतं."

पण त्यांनी मनावर घेतलं. मी एकदा सहज डोकावलो, तर सबनीस कोट घालून, पायात बूट चढवून ओट्याशी भांडी घासत होते. ज्या घरात पाहुण्याला उंबऱ्याबाहेर बूट काढायला लागायचे, त्या घरात! खिशात किल्ल्या वाजत होत्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"छे, छे. भांडी झाली की झोपणार."

सोफ्यावर बसून ते दहीभात खात आणि कुठेही जात नसत. डेप्युटी आधी रडायचे, मग कण्हायचे, मग नुसते बघायचे, आणि एक दिवस ते जांभई देऊन दुसऱ्या खोलीत गेले. सबनिसांनी त्या जांभईचा फोन बॉथेलला केला.

मग दाराची पाळी. बाहेर जायचं, लगेच आत यायचं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. चेहरा कोरा. एका रविवारी हे सकाळपासून चाललेलं पाहून रोझबाईंनी मला रस्त्यात गाठलं आणि हळूच विचारलं, "त्याला आपलं घर ओळखू येत नाहीये का?"

बाहेर पडणं जमत होतं. न बोलता पडणं जमत नव्हतं. अगदी शेवटच्या क्षणी तोंडातून "येतो" निसटायचं. तेव्हा सबनीस म्हणाले, "तुमच्याकडे प्रॅक्टिस करतो."

पहिल्या प्रॅक्टिसच्या दिवशी मी त्यांना माझ्या गुडघ्याचा एमआरआय समजावून सांगत होतो. क्षणभर गुडघ्याकडे पाहिलं, मान वर केली, तर खुर्ची रिकामी. बूटही नव्हते. "गेले?" वृंदा स्वयंपाकघरातून आली. आम्ही दोघं रिकाम्या खुर्चीकडे कौतुकाने पाहत होतो, एवढ्यात बेल वाजली.

दारात सबनीस. चेहरा उजळलेला. "तेवढं सांगायला आलो. न सांगता निघालोय बरं का!"

आणि मग नेहमीप्रमाणे पायरी, ड्राइव्हवे, काच.

त्या वसंतात पाइनचे पराग खूप उडाले. आमच्याकडे दरवर्षीच उडतात, पण त्या साली सगळं गावच हळदीत लोळल्यासारखं झालं होतं. गाड्या पिवळ्या, पायऱ्या पिवळ्या, तळ्याच्या पाण्यावर पिवळी साय. संध्याकाळी मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी घरातून निघून तळ्यापर्यंत चालत असे आणि तिथे उभ्या असलेल्या सबनिसांच्या गाडीत जाऊन बसत असे. माझं चालणं ते एवढंच.

सबनीस रोज तिथे असत. डेप्युटींना एकटं ठेवायची वेळ हळूहळू वाढवायची होती, म्हणून ते गाडी काढून एवढ्याच अंतरावर येऊन थांबत. स्टीअरिंगला टेकवून फोन ठेवलेला. घरात कॅमेरा लावला होता, त्याचं चित्र फोनवर. चित्रात डेप्युटी दाराकडे बघत बसलेले, आणि इथे सबनीस डेप्युटींकडे बघत बसलेले. दोघांच्या मधे फक्त एक दार आणि थोडंसं तळं. बदकं यायची, जायची. कारंजं वाऱ्याने एका बाजूला कलायचं. आम्ही बोलत नसू. डेप्युटी ऐकतील की काय, अशी उगीच भीती वाटे.

काही आठवड्यांनी डेप्युटी दाराशी बसायच्याऐवजी दाराशी आडवे होऊ लागले. मग एकदा उठून आत गेले आणि तो हिरव्या पट्ट्यांचा टॉवेल दातात धरून घेऊन आले. त्यावर हनुवटी ठेवली. सबनिसांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अलकाचा टॉवेल आहे," एवढंच म्हणाले.

एका संध्याकाळी मी गाडीत येऊन बसलो, तर फोनमधून घोरणं ऐकू येत होतं. डेप्युटी चारही पाय ताणून झोपले होते. मी खूश झालो.

"अहो, झोपलेत की साहेब! कधीपासून?"

"गेला आठवडाभर. मी निघालो की लगेच झोपतात."

"मग इथे कशाला बसलाय? चला ना. सिनेमाला जा, दुकानात जा."

"निघतोच आहे," सबनीस म्हणाले. पण गाडी सुरू केली नाही. उजेड पिवळा होता, काचेवर पराग बसले होते, बाहेरचं सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं. काच बंदच होती. मी आतच बसलेलो, तेव्हा खाली कुणासाठी करणार? तरी गाडीत बसल्याशिवाय मनातलं न सांगायची त्यांची सवय.

"अलकाला सोडायला एअरपोर्टवर गेलो होतो ना," ते म्हणाले, "तिथे तो पिवळ्या जॅकेटवाला असतो बघा. गाडी उभी करू देत नाही. शिट्टी मारतो. मी बॅगा उतरवल्या. म्हटलं, आता जरा बोलू. तर त्याने टपावर थाप मारली. पुढे घ्या, पुढे घ्या. ती म्हणाली, जा हो तुम्ही, पोचले की फोन करते. मी गाडी पुढे घेतली."

फोनमध्ये डेप्युटी कूस बदलून पुन्हा घोरू लागले.

"वळसा घालून परत आलो. म्हटलं, असेल अजून बाहेर. दिसली नाही. पुन्हा वळसा घातला. पुन्हा तो शिट्टीवाला."

"मग?"

"मग काय. घरी आलो."

'तेच' हे उत्तर तिथे चालणारं नव्हतं. मी काचेवरच्या परागांकडे बघत राहिलो. फोनमध्ये डेप्युटींचे पाय हलू लागले, झोपेतल्या झोपेत, चारही. तोंडातून बारीक आवाज येत होते.

"स्वप्न पडलंय त्यांना," सबनीस कुजबुजले. "पळतायत. आत्ता निघायला नको."

आम्ही बसून राहिलो.

उन्हाळा लागला. रोझबाईंनी एक दिवस कुंपणाशी सबनिसांना विचारलं, "कुत्रा परत देऊन टाकलास का रे? आवाज नाही हल्ली." सबनीस दुखावल्या स्वरात म्हणाले, "साहेब आत झोपलेत." रोझबाईंनी आत येऊन खात्री केली, डेप्युटींच्या कानामागे खाजवलं, आणि असोसिएशनला स्वतःच सांगितलं की आता तक्रार नाही. पुढच्याच आठवड्यात डोनाबाई आल्या. घरभर फिरल्या, दाराची चौकट हाताने चाचपून पाहिली. एकही ओरखडा नवा नव्हता. "तुझाच हा," त्या म्हणाल्या. मग पर्स उचलली आणि एक शब्द न बोलता, मागे न बघता निघून गेल्या.

"बाई लाख मोलाची," सबनीस मला म्हणाले, "पण बघा ना, गेली कशी."

हे सगळं पार पडलं म्हणून वृंदाने सबनिसांना जेवायला बोलावलं. डेप्युटी घरी एकटे होते, आणि तोच आनंदाचा विषय होता. वृंदाने शिरा केला, आणि मुद्दाम कोशिंबीरही. सबनीस दोनदा वाढून घेऊन जेवले. बाहेर अजून उजेड होता. मी सुपारीचा डबा आणायला आत गेलो, वृंदा त्यांच्यासाठी शिऱ्याचा डबा भरत होती. बाहेर येऊन पाहतो, तर सोफा रिकामा.

बूट नव्हते. ड्राइव्हवेवर गाडी नव्हती.

"येतील," मी म्हणालो. "सांगायला."

आम्ही बेलची वाट पाहिली. ती वाजली नाही. वृंदा डबा हातात घेऊन दारापाशी गेली. "असं कुणी जातं का?" तिचा आवाज चढला होता. "न सांगता? डबा तरी घ्यायचा ना माणसाने!"

"हेच तर शिकवलं त्यांना सगळ्यांनी मिळून," मी म्हणालो.

"काका लेफ्ट? ऑलरेडी?" ईशा जिन्यावरून खाली आली.

आम्ही तिघं ड्राइव्हवेवर जाऊन उभे राहिलो. कुणाला निरोप द्यायचा नव्हता. काजवे गवतातून वर येत होते. लांब फाटकावर मालगाडी गेली. मागे दार सताड उघडं, एसी अख्ख्या मॉरिसव्हिलला चालू. वृंदानेही ते ओढून घेतलं नाही.

"मी देऊन येतो डबा," मी म्हणालो.

सबनिसांची खिडकी उघडी होती, नुसती जाळी लावलेली. आत दिवा होता. मी बेलवर बोट ठेवणार, एवढ्यात आत लक्ष गेलं. सबनीस जमिनीवर बसले होते, बूट न काढता, डेप्युटींकडे पाठ करून. डेप्युटी त्यांच्याभोवती फिरत होते, बाही हुंगत होते, शेपटी हलत होती. सबनीस भिंतीकडे बघत होते, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे. नियम पाळत होते. थोड्या वेळाने डेप्युटी दमले. त्यांनी उसासा टाकला, बसले, आणि हनुवटी सबनिसांच्या बुटावर ठेवली.

तेव्हा सबनीस, अजून भिंतीकडेच बघत, हळूच म्हणाले, "अहो डेप्युटी, आलो हं."

आणि मग सुरू झाले. जेवायला काय काय होतं. कोशिंबीर कशी झाली होती. माझा गुडघा काय म्हणतो. ईशा किती मोठी दिसायला लागली. "वहिनी डबा भरत होत्या. पाहिला मी," ते म्हणाले. "पण घ्यायला थांबलो असतो ना, तर आज निघवलं नसतं."

मी बोट मागे घेतलं. डबा पायरीवर ठेवला, आवाज न करता, आणि न सांगता निघालो. डोनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे मागे वळून पाहिलं नाही. सोपं नसतं हो. मानेचे स्नायू दुखतात.

तळ्याच्या कडेला आलो आणि मागे दार उघडल्याचा आवाज झाला. आता मात्र मी वळलो. उजेडाच्या चौकोनात दोघं उभे होते. एकाच्या हातात डबा, दुसऱ्याचे कान लांब.

"निघालात होय?" पाण्यावरून आवाज आला. "अहो, एवढं एकच सांगतो…"

मी थांबलो. मला तरी कुठे घाई होती.